मेट्रोशेजारचा टॉवर आणि गल्लीतल्या गाड्या

पत्र असं आहे:

"सप्रेम नमस्कार. मी कोथरूडला, आयडियल कॉलनी मेट्रो स्थानकापासून चालत पाच-सहा मिनिटांवर राहते. आमची सोसायटी १९८६ची. तळमजला अधिक तीन, चोवीस फ्लॅट, लिफ्ट नाही. शाळेतून निवृत्त झाले आणि सचिवपद गळ्यात पडलं. आता रीडेव्हलपमेंटचं घाटतंय. एका बिल्डरची ऑफर आली आहे : बारा मजले, ६४ फ्लॅट आणि प्रत्येक फ्लॅटला दोन कार पार्किंग. निम्मे सभासद खूश आहेत. उरलेले म्हणतात, गल्लीत आत्ताच संध्याकाळी वळता येत नाही, ६४ कुटुंबं झाली तर ॲम्ब्युलन्स तरी आत येईल का? गल्ली कागदावर बारा मीटरची आहे. आमच्याखेरीज आणखी चार सोसायट्या रांगेत आहेत. शेजारच्या सोसायटीनं 'टॉवर नकोत, आधी रस्ता रुंद करा' असं निवेदन फिरवलंय, त्यावर माझी सही हवी आहे. यजमान म्हणतात, कर सही. मुलगा म्हणतो, मेट्रोच्या दारात राहून इतरांना येऊ न देणं हा कद्रूपणा आहे. माझे गुडघे मुलाच्या बाजूचे आहेत, पण गल्लीची काळजी मलाही आहे. काय करू? – एक सचिव, कोथरूड"

सचिवबाई, नमस्कार.

निवेदनावर सही करू नका. आणि बिल्डरची ऑफर आहे तशी स्वीकारूही नका. तुमच्या सोसायटीत जे दोन तट पडलेत ते दोघंही मजल्यांवरून भांडतायत, आणि ऑफरमधल्या ज्या कलमामुळे गल्लीची वाट लागणार आहे त्यावर कुणीच बोलत नाही. ते कलम म्हणजे घरटी दोन पार्किंग.

आधी एक साधा हिशेब. ६४ नवी कुटुंबं येणार नाहीयेत, चोवीस तर तुम्हीच आहात. नवी चाळीस. या चाळीस कुटुंबांना तुम्ही कोथरूडमध्ये घर होऊ दिलं नाहीत तर ती काही पुणं सोडून जाणार नाहीत. ती भूगावला घर घेतील, पिरंगुटला घेतील. तिथे मेट्रो नाही आणि बसचा भरवसा नाही, म्हणून घरात दोन दुचाक्या आणि एक गाडी येईल. मग रोज सकाळी चांदणी चौकातून पौड रस्त्यानं, तुमच्या गल्लीच्या तोंडावरून, ती शहरात येतील आणि संध्याकाळी त्याच वाटेनं परत जातील. संध्याकाळी तुम्हाला गल्लीत वळू न देणारी जी रांग आहे, तिच्यात तुमच्या गल्लीतले किती आणि पश्चिमेकडे निघालेले किती, हे एकदा कोपऱ्यावर उभं राहून बघा. इथे न बांधलेला टॉवर तुम्हाला पौड रस्त्यावर भेटतो.

म्हणून मेट्रोच्या आसपास दाट वस्ती करावी, हा विचार काही बिल्डरांच्या डोक्यातून निघालेला नाही, जरी तसं वाटणं साहजिक असलं तरी. केंद्र सरकारनं २०१७मध्ये त्याचं राष्ट्रीय धोरण काढलं. पुण्यात मेट्रो स्थानकाभोवतीच्या पाचशे मीटरच्या वर्तुळात चारपर्यंत एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) मिळू शकतो तो याच विचारातून. सरसकट चार कुणालाच मिळत नाही. समोरचा रस्ता किती रुंद आणि प्लॉट केवढा, यावर आकडा ठरतो, आणि त्यासाठी प्रीमियम भरावा लागतो. पण त्याच राष्ट्रीय धोरणात दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे लिहिली आहे : या पट्ट्यात पार्किंग मर्यादित ठेवायचं, चालायला नीट जागा करायची. आपल्याकडे पहिली बाजू बिल्डरांनी वाचली. दुसरी कुणीच वाचली नाही.

तुमच्या ऑफरमध्येच बघा. एका कारला उभं राहायला साधारण साडेबारा चौरस मीटर लागतात. पण गाडी काही वरून ठेवता येत नाही. तिला आत यायला रॅम्प, वळायला जागा, मागे घ्यायला जागा. हे सगळं धरलं की एका गाडीमागे पंचवीस ते तीस चौरस मीटर जातात. दोन गाड्यांना पन्नास-साठ. तुमच्या आजच्या टू-बीएचकेचा कार्पेट एरिया काढून बघा, जवळजवळ तेवढाच निघेल. म्हणजे बिल्डर प्रत्येक घरामागे गाड्यांसाठी आणखी एक घर बांधणार आहे. ते तो इतक्या उदारपणे का देतो? पार्किंगची जागा एफएसआयमध्ये धरली जात नाही म्हणून. त्याला ती फक्त सिमेंट-सळईच्या भावात पडते, आणि जाहिरातीत 'टू कार पार्क' लिहिलं की मोठ्या पगाराचं गिऱ्हाईक येतं. टू-बीएचकेला घरटी दोन गाड्यांची सोय करा असं नियम सांगत नाहीत. ही हौस बाजाराची आहे.

आणि ज्याला दोन गाड्यांची फुकट जागा मिळते तो दोन गाड्या घेतो. १२८ पार्किंगमधून सकाळी नऊ ते दहा पन्नास गाड्या बाहेर पडल्या असं धरा. मिनिटाला एकसुद्धा नाही, तुमची गल्ली हे सहज सोसेल. पण रांगेतल्या बाकीच्या चार सोसायट्यांनीही तेच केलं तर अडीचशे गाड्या होतात. दर पंधरा सेकंदांना एक गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन पौड रस्त्यावर घुसायला फट शोधणार. म्हणजे यजमानांची भीती उगाच नाही. फक्त ती मजल्यांना चिकटली आहे, तिथे ती चिकटायला नको. पाचही सोसायट्यांनी पार्किंग निम्म्यानं कमी केलं आणि आलेल्यांतली बरीच माणसं पायी स्थानकावर गेली, तर तेवढ्याच मजल्यांतून शंभरेक गाड्या निघतील.

"पण लोक खरंच मेट्रोनं जातात का हो?" हा प्रश्न सभेत येणारच. जातात, जेव्हा गाडी नेणं अवघड असतं आणि चालणं सोपं असतं तेव्हा. पुण्यात याची परीक्षा दरवर्षी गणपतीत होते. मंडई आणि कसबा पेठ ही भुयारी स्थानकं सप्टेंबर २०२४च्या अखेरीला सुरू झाली आणि २०२५चा गणेशोत्सव हा त्यांचा पहिलाच. विसर्जनाच्या दिवशी मेट्रो रात्रभर चालवावी लागली. एरवी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे स्कूटरवरून जाणारा पुणेकर मंडईत उतरून तीन-तीन तास पायी हिंडत होता. त्याला कुणी पर्यावरणाचं व्याख्यान दिलं नव्हतं. पेठांत गाडी लावायला जागा मिळणार नाही, हे त्याला घरून निघतानाच माहीत होतं.

वर्षभर हेच घडलेलं गाव हवं असेल तर अमेरिकेतलं एक सांगते, कारण ते नेमकं तुमच्या प्रश्नावर आहे. वॉशिंग्टनला लागून पलीकडच्या तीरावर आर्लिंग्टन आहे. तिथे मेट्रो महामार्गाच्या मधोमध न्यायची की दुकानांच्या जुन्या रस्त्याखालून, असा वाद झाला. दुसरा पर्याय महागडा होता, पण तो घेतला. १९७९च्या अखेरीला मेट्रो रॉसलिनहून पुढे बॉलस्टनपर्यंत गेली आणि पाच स्थानकांची ओळ पुरी झाली. त्यांनी ठरवलं की उंच इमारती फक्त स्थानकांभोवती, आणि दोन-चार गल्ल्या सोडल्या की पूर्वीसारखीच बैठी घरं. तिथेही रहिवाशांनी ट्रॅफिकचाच मुद्दा काढला होता. पुढच्या काही दशकांत त्या पट्ट्यात हजारो घरं आणि ऑफिसं उभी राहिली, पण मुख्य रस्त्यांवरची वाहनांची वर्दळ जेमतेम वाढली. आपलं आणि त्यांचं सगळंच वेगळं आहे, त्यांचे फूटपाथ तर फारच वेगळे. पण दाट वस्ती म्हणजे कोंडी होणारच, हे गणित तरी तिथे खोटं ठरलं.

आता उलट उदाहरणही दिलं पाहिजे, नाहीतर मी बिल्डरची वकील ठरेन. मुंबईत लोअर परळ. पश्चिम रेल्वे एका बाजूला, मध्य रेल्वेचं करी रोड दुसऱ्या बाजूला. याहून चांगली जागा देशात सापडायची नाही. गिरण्यांच्या जमिनींचं काय करायचं यासाठी १९९६मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं अहवाल दिला होता : सगळ्या जमिनींचा एकत्र विचार करा, स्थानकांजवळ मोकळ्या जागा ठेवा. तो बाजूला पडला. २००१मध्ये नियम बदलले आणि गिरण्यांच्या आवारातली नुसती मोकळी जमीनच सार्वजनिक वापराच्या वाटपाला धरली गेली. मग ज्याच्या त्याच्या कुंपणात टॉवर, ज्याच्या त्याच्या पोटात पार्किंगचे मजले, आणि बाहेर गिरणी कामगारांच्या काळातलेच रस्ते नि पादचारी पूल. सप्टेंबर २०१७मध्ये तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. स्थानकाशेजारी वस्ती आणि कचेऱ्या दाट केल्या, पण माणसांना चालायला जागा ठेवली नाही. तुमच्या गल्लीत तसं होऊ नये असं वाटत असेल तर लढा कुंपणाबाहेरच्या दीड मीटर फूटपाथसाठी लढायचा आहे.

तो दीड मीटर आत्ता कसा आहे ते तुम्हाला मी काय सांगायचं. त्या भागात माझं येणं-जाणं असतं. दर वीस पावलांवर कुणाच्या तरी गेटचा उतार फूटपाथ फोडून रस्त्यावर येतो. मध्येच महावितरणचा डीपी. त्याला वळसा घालून पुढे जावं तर झाडाचा पार, पारावर देव, देवाच्या पुढ्यात दोन ॲक्टिव्हा. पेव्हर ब्लॉक उचकटलेले, पावसाळ्यात पाय ठेवला की खालून पिचकारी. म्हणून सगळे रस्त्यावरून चालतात. मेट्रोला उद्वाहक आहेत, सरकते जिने आहेत, पण बऱ्याच स्थानकांखाली जिन्याच्या पायथ्याशीच दुचाक्यांची रांग असते आणि तिच्या पलीकडे रिक्षा. साठीच्या बाईनं गुडघे सांभाळत पाच मिनिटं हे सगळं ओलांडायचं, की मुलाला "जरा सोडून ये रे" म्हणायचं? ती मुलालाच सांगते. आणि ती सोडायला निघालेली स्कूटर हेही ट्रॅफिकच आहे.

रस्ता रुंद करा म्हणणाऱ्यांचं काय? तुमची गल्ली बारा मीटरची आहेच. दोन्ही कडेचे फूटपाथ वजा करा, मग दोन्ही कडेला लावलेल्या गाड्यांचे दोन-दोन मीटर वजा करा. उरतात पाच मीटर. समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकीनं मागे जायचं, मागे दुधाचा टेम्पो. ॲम्ब्युलन्सला अडवणारे ते चार मीटर आहेत. त्या उभ्या गाड्यांना अजून टॉवरमधलं कुणी भेटलेलं नाही, त्या आजच्या तीन मजली इमारतींतल्या आहेत. महापालिकेनं २०२०मध्ये शहरातले शेकडो सहा मीटरचे रस्ते नऊ मीटर करायचं काढलं होतं, तेव्हा किती रान उठलं ते आठवत असेल. नऊ मीटरच्या आतल्या रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क, चढवता येत नाही, खरं कारण ते होतं. पण समजा झाली गल्ली रुंद. वाढलेल्या दीड-दीड मीटरवर महिनाभरात काय उभं राहील, हे सांगायला ज्योतिषी नको. मोठ्या रस्त्यांचंही तेच. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल पंधरा वर्षंही पुरती वापरली नाहीत तोच २०२०मध्ये पाडावा लागला. नळ स्टॉपला दुमजली पूल झाला, तर कोंडी पुलाच्या दोन्ही टोकांना जाऊन बसली. चांदणी चौकात जुना पूल उडवून नवे रस्ते झाले, त्याचा फायदा झाला हे मान्य, पण मोकळ्या झालेल्या चौकातून वेगानं आलेल्या गाड्या पुढे कोथरूडमध्येच येऊन थबकतात.

तर आता करायचं काय.

तुमच्या सोसायटीनं प्रकल्प सल्लागार नेमला असेलच, नसेल तर बिल्डरशी पुढचं बोलायच्या आधी नेमा. २०१९च्या शासन निर्णयाप्रमाणे दोन तृतीयांश सभासदांचा कोरम आणि एकूण सभासदांपैकी निम्म्याहून अधिकांची, म्हणजे ५१ टक्के, संमती लागते. म्हणजे सध्याच्या तुमच्या अर्ध्या-अर्ध्यात ठराव अडकून बसेल. सल्लागाराला दोन आराखडे करायला सांगा. एक बिल्डरनं दिलाय तो. दुसऱ्यात पार्किंग नियमानं जेवढं लागतं तेवढं, वर थोडी पाहुण्यांची सोय, बस्स. मग दोन्हीतला खर्चाचा फरक कागदावर मांडा. पोडियमचा, म्हणजे घरांखालच्या पार्किंगचा, एक मजला वाचला तर किती पैसे वाचतात, ते बिल्डर स्वतःहून सांगणार नाही. तो पैसा कॉर्पसमध्ये, म्हणजे बिल्डरकडून सभासदांना मिळणाऱ्या रकमेत, द्या, नाहीतर घराचा एरिया वाढवून द्या, असं मागता येतं. तुमच्या चोवीसपैकी किती घरांत आज गाडीच नाही, हे मोजा. त्या सभासदांना दोन पार्किंगऐवजी रोख कॉर्पस मिळतोय असं कळलं की मतं कशी हलतात ते बघाच.

बिल्डर म्हणेल, दोन पार्किंगशिवाय फ्लॅट विकले जात नाहीत. थ्री-बीएचके विकत असेल तर खरंच जाणार नाहीत. म्हणून माझी पुढची सूचना तुमच्या विरोधी गटाला मुळीच आवडणार नाही : विक्रीच्या चाळीस फ्लॅटऐवजी तेवढ्याच बांधकामात पन्नास-पंचावन्न लहान फ्लॅट करायला सांगा. वन-बीएचके, फार तर लहान टू-बीएचके. आकडा ऐकून लोक दचकतील. पण गाड्या फ्लॅटच्या संख्येनं वाढत नाहीत, उत्पन्नानं आणि जागेनं वाढतात. मेट्रोच्या दारात तीन बेडरूमच्या घरात राहणारं जोडपं एसयूव्हीनं कल्याणीनगरला जाणार. वन-बीएचकेतली नर्स, बँकेतला नवा कारकून, एकटी राहणारी निवृत्त बाई, हे मेट्रोनं जातात. मेट्रोलगतचा एफएसआय जर श्रीमंतांच्या गाड्यांच्या पोटात गेला तर मग कशाला एवढे खांब उभारले?

जाता जाता एक. तुमच्या सोसायटीत "बॅचलर्सना फ्लॅट देणार नाही" असा ठराव आहे का? कोथरूडात बहुतेक ठिकाणी असतो. मेट्रोची सर्वांत जास्त गरज आणि सर्वांत कमी गाड्या असलेली मंडळी हीच. त्यांना लांब हाकलायचं आणि मग रस्त्यावर दुचाक्या फार झाल्या म्हणायचं, हे काही मला पटत नाही.

दुचाक्यांची सोय मात्र काटकसर न करता मागा, आणि तळमजल्यालाच मागा. हे पुणं आहे. स्कूटर दोन रॅम्प चढून ठेवायची वेळ आली की ती गेटबाहेर फूटपाथवरच राहते. तसंच कारच्या यांत्रिक पार्किंगचं, ज्याला पझल पार्किंग म्हणतात. ब्रोशरमध्ये छान दिसतं. सकाळी घाईत तुमची गाडी वरच्या पाळ्यात असते, खालची काढणारा आंघोळीला गेलेला असतो, आणि कधी वीज नसते, कधी देखभालीचा करार संपलेला. सहा महिन्यांत सगळे गल्लीत गाड्या लावू लागतात. बिल्डरनं संख्या फुगवायला ते दाखवलं असेल तर ती पार्किंगं धरूच नका.

सोसायटी ताब्यात आल्यावरचंही आत्ताच ठरवा. स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, किंवा उघड्यावरची जागा गॅरेज म्हणून वेगळी विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१०मध्ये सांगितलं आहे. अशा जागांचं वाटप सोसायटी करते. पार्किंगचं शुल्क सर्वसाधारण सभा ठरवते, आणि गाड्या जास्त नि जागा कमी असतील तर सोडत काढायची तरतूद आदर्श उपविधींमध्येच आहे. पहिल्या गाडीला नाममात्र शुल्क, दुसरीला घसघशीत, असा ठराव करून ठेवा. जपानात १९६२पासून गाडी ठेवायला रस्त्याबाहेर जागा असल्याचा पोलिसांचा दाखला दाखवल्याशिवाय बहुतेक गाड्यांची नोंदणीच होत नाही. आपल्या राज्याच्या परिवहन मंत्र्यांनीही २०२५मध्ये तसं काहीतरी करण्याचं बोलून दाखवलं. पुणे महापालिकेनं तर २०१८मध्येच रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे आकारायचं धोरण केलं होतं, मग ते पाच रस्त्यांवर प्रयोग म्हणून करू असं ठरलं, मग तेही राहिलं. तेव्हा वरून काही होईल म्हणून थांबू नका.

इमारतीच्या आराखड्यात आणखी दोन गोष्टी बघा. गाड्यांचं गेट एकच असू द्या, आणि तिथे फूटपाथ खाली न उतरवता गाडीनं वर चढून जावं अशी पातळी ठेवायला सांगा. आणि समोरची कंपाउंडची भिंत. पुढचं सामासिक अंतर, म्हणजे इमारतीपुढची मोकळी जागा, तुम्हाला सोडावंच लागणार आहे. तिथे सहा फुटी भिंत आणि मागे कुणी न बसणारी हिरवळ करण्याऐवजी भिंत मागे घ्या, पुढे एक बाक टाका, तळमजल्याला वाण्याचं नि औषधाचं दुकान येऊ द्या. दूध, कोथिंबीर आणि बीपीच्या गोळ्या पायी मिळाल्या की दिवसाच्या दोन फेऱ्या गेल्या. नाहीतर पोडियमच्या तीन मजल्यांच्या आंधळ्या भिंतीशेजारून रात्री चालत यायचं, ते तुम्हालाही नको आणि सुनेलाही नको.

बांधकामाची तीन-चार वर्षं मात्र त्रासाचीच जाणार आहेत, त्यावर माझ्याकडे तोडगा नाही. राडारोड्याचे डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळेत गल्लीत येणार नाहीत, हे करारात दंडासह घाला. पाचही सोसायट्यांनी एकाच वेळी खोदकाम काढू नये म्हणून आपसात बोला. पाण्याची चिंताही रास्त आहे. टँकरचा खर्च किती वर्षं कुणाच्या माथी, हे विकसन करारात लिहून घ्या, तोंडी आश्वासन नको.

यजमानांची समजूत घालायची तर त्यांना सांगा की मेट्रो अजून सगळीकडे पोचलेली नाही हे मलाही मान्य आहे. मुलाचं ऑफिस ज्या दिशेला मेट्रो नाही तिकडे असेल तर तो गाडीनंच जाणार. कुणालाही गाडी विकून टाका म्हणायचं नाहीये. वनाजहून रामवाडीपर्यंत सरळ, आणि जिल्हा न्यायालयाला बदलून स्वारगेट किंवा पिंपरीकडे, एवढ्या वाटेवर ज्यांचं काम आहे त्यांनी जरी गाडी घरी ठेवली तरी गल्ली मोकळी होते. तीन डब्यांची एक मेट्रो नऊशेच्या वर माणसं नेते. तुमच्या पाचही नव्या इमारतींतले सगळे कामावर जाणारे एकाच गाडीत बसले तरी जागा उरेल.

शेजारच्यांना नुसतं नाही म्हणून परत पाठवू नका, कारण पाच सोसायट्या एकत्र आल्यात ही दुर्मीळ गोष्ट आहे. निवेदन तुम्ही नव्यानं लिहा. शाळेत इतकी वर्षं अर्ज तपासलेत, तुमच्याइतकं नेटकं ते लिहू शकणार नाहीत. मागण्या चारच ठेवा. गल्लीपासून स्थानकाच्या जिन्यापर्यंत सलग फूटपाथ, डीपी हलवून. गल्लीच्या एका बाजूला कायम नो पार्किंग आणि दुसऱ्या बाजूला आखलेले चौकोन. सम-विषम तारखांचं पी-वन, पी-टू नको, पाटी बघून कुणी गाडी हलवत नाही. स्थानकाच्या जिन्याखाली दुचाक्यांना मज्जाव आणि रिक्षांना ठरलेली जागा. आणि पाचही प्रकल्पांतून येणाऱ्या गाड्यांचा एकत्रित अंदाज घेतल्याशिवाय सुट्या सुट्या परवानग्या देऊ नका. पहिल्या मागणीचा छोटा भाग सहभागी अंदाजपत्रकातून होऊ शकतो. नागरिकांनी सुचवलेली पाच लाखांपर्यंतची कामं त्यात घेतात, अर्ज साधारण पावसाळ्यात मागवतात, तारीख चुकवू नका. पार्किंगचा भाग वाहतूक पोलिसांकडे जातो, त्यामुळे प्रत त्यांनाही द्या.

सह्या झाल्या की कोथरूड-बावधन क्षेत्रीय कार्यालयात दोन प्रती घेऊन जा, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक नि शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघू नका.